पावसाचे विमान आणि साळवे साहेब

वामनराव साळवे साहेबांची आणि माझी पहिली भेट विमानाच्या पंखाखाली झाली. मी बी.एस्सी. होऊन चौसाळ्याला घरी बसलो होतो आणि आमच्या सहकारी साखर कारखान्याने मला ढग बघायच्या नोकरीवर घेतले होते. हसू नका, दुष्काळात अशाही नोकऱ्या निघतात. मांजरसुंब्याच्या पुढे माळ सपाट करून, मुरूम दाबून कारखान्याने धावपट्टी केली होती. तिच्या टोकाला दोन इंजिनांचे ते जुने प्रवासी विमान उभे होते. नाक वर, शेपूट जमिनीला टेकलेली. साहेब खाकी कपड्यांत, एका इंजिनाचा भलामोठा पंखा दोन्ही हातांनी सावकाश फिरवत होते. मी नमस्कार केला. "थांबा जरा," ते म्हणाले, "ऐकतोय." मीही कान दिला, पण मला काहीच ऐकू आले नाही. पंखा पुरता फिरवून झाल्यावर त्यांनी हात पुसले, नमस्कार केला आणि विचारले, "ढगवाले तुमीच का?" आजही ते मला ढगवालेच म्हणतात.

साहेबांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख द्या, असा सत्कार समितीचा फोन आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याच फोनवर 'कटू प्रसंग शक्यतो टाळावेत' अशी सूचनाही मिळाली. साहेबांच्या आयुष्यातून कटू प्रसंग टाळायचे तर त्यांचा जन्म आणि हा सत्कार एवढेच शिल्लक राहते, आणि सत्काराबद्दलही मला खात्री देता येत नाही. तेव्हा समितीची क्षमा मागून, घडले तसे लिहितो.

चौसाळ्याजवळच्या बौद्ध वस्तीतला एक मुलगा हैदराबादला विमानाच्या कारखान्यात उमेदवारीला लागतो आणि परीक्षा देत देत विमान-दुरुस्तीचा परवानाधारक इंजिनिअर होतो, ही गोष्ट एरवी तालुक्याने मिरवली असती. उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात त्यांच्या हाती जे विमान आले, तेच पुढे आमच्या माळावर उतरले. लढाईच्या काळात घडवलेले ते विमान. लढाई संपली, तशा त्यात खुर्च्या बसवल्या आणि ते माणसे वाहू लागले. साहेब त्याची हकिकत सांगत तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावे तसे बोलत. नवाबांची कुटुंबे त्यातून फिरली, हजला निघालेली म्हातारी माणसे मुंबईपर्यंत गेली, नव्या नवऱ्या सासरी गेल्या. पुढे मोठी विमाने आली, तसे याला पहाटेची वर्तमानपत्रे वाहायला लावले. मग टपाल. मग परदेशी प्रयोगशाळांना पाठवायची माकडे. "माकडांचा वास वर्षभर गेला न्हाई," साहेब सांगत, "पण कुरकुर केली न्हाई गड्यानं कधी." शेवटी आमच्या कारखान्याने ते घेतले, खुर्च्या काढल्या आणि आत मिठाच्या भुकटीची पोती रचली. ढगाच्या पोटाखालून मीठ उधळायचे, म्हणजे पाऊस पडतो, अशी ती योजना होती. विमान विकले गेले तसे साहेबही त्याच्या पाठोपाठ आपल्या जिल्ह्यात परत आले. एवढ्या जुन्या इंजिनांची नाडी कळणारे दुसरे कोणी नव्हतेच.

उद्घाटनाच्या दिवसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. विमानाची पूजा झाली. चाकांना हळदीकुंकू, पंख्यांना झेंडूचे हार, नारळ वगैरे यथासांग. विमानाच्या नाकाखाली एक नळी असते. तिच्या तोंडातून वारा आत जातो आणि त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. पूजा करणाऱ्या मंडळींना वाटले, कंपनीने काय सोय केली आहे! त्यांनी स्टुलावर चढून त्या नळीत उदबत्त्या खोचल्या, आणि नीट बसाव्यात म्हणून वरून ओले कुंकू दाबले. चेअरमन आबासाहेब टाळ्यांसाठी हात वर करणार तोच साहेब पुढे आले आणि म्हणाले, "नळी साफ झाल्याबिगर विमान हालणार न्हाई." आबासाहेबांचा चेहरा उतरला. "अहो साळवे, देवाच्या कामात काहून आडवं येता?" साहेब म्हणाले, "देवाचं काई न्हाई साहेब. कुंकवानं भोक बुजलंय." नळी उतरवून, धुऊन, फुंकून परत बसवेपर्यंत पाहुणे उन्हात ताटकळले. तुमच्या-माझ्यासारख्याने त्या दिवशी डोळेझाक केली असती. साहेबांनी केली नाही, आणि आबासाहेबांनी ते लक्षात ठेवले.

साहेबांच्या सचोटीचा दुसरा प्रसंग पाण्याचा. मीठ विमानाच्या पत्र्याला खाते. उड्डाण झाले की विमान आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवायला हवे, असा नियमच आहे, आणि कारखान्याने त्यासाठी एक टँकर लावून दिला होता. पहिल्या दिवशी टँकर माळावर आला तेव्हा रस्त्याच्या कडेला बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. साहेबांनी टँकरवाल्याला खाली उतरूच दिले नाही. "तिकडं रिकामा कर," म्हणाले, "पुना इकडं आणू नको." त्या दिवसापासून साहेब आणि मी ओल्या फडक्यांनी आणि तेलाच्या बोळ्यांनी ते सगळे विमान पुसत असू. हात मिठाने चरचरायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, "साहेब, अशानं पत्रा सडेल की." ते म्हणाले, "सडंल. आपल्याला दिसतंय ना, सडतंय त्ये. पण त्या बायांच्या समोर विमानाला आंघोळ घालायची माज्यात हिंमत न्हाई." ज्या विमानावर त्यांची जवानी गेली त्याचा पत्रा त्यांनी असा डोळ्यांदेखत जाऊ दिला. आणि पुढे तालुकाभर काय पसरले? की साळवे गावाचे पाणी विमानाला पाजतो. टँकरवाला खरे काय ते जाणत होता. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्यानेही आपणहून सांगितले नाही.

आता तो दिवस. आषाढ कोरडा गेला होता. श्रावणात एके दिवशी नारायणगडाच्या बाजूने ढग चढून आले, काळे, जड, भरल्या पोटाचे. ढग चांगले आहेत असे मीच कळवले. ते माझे कामच होते आणि ढग खरोखरच चांगले होते. आबासाहेबांनी गावोगाव जीप पाठवली, लाऊडस्पीकर लावला, माळावर जत्रेसारखी माणसे जमली. साहेबांनी नेहमीप्रमाणे उजव्या इंजिनाचा पंखा हाताने फिरवला आणि मध्येच थांबले. पुन्हा फिरवला. मग शिडी लावून इंजिनातली तेलाची चाळणी काढली. चाळणीत बारीक चकाकणारे कण होते. इंजिन आतून झिजून स्वतःला खात होते. साहेब सरळ मंचाकडे गेले आणि आबासाहेबांना म्हणाले, "आज उडणार न्हाई. मी उड्डाणाच्या कागदावर सही देत न्हाई."

आबासाहेब हळू आवाजात म्हणाले, "एकच फेरी मारू द्या. लोकं लई आशेनं आलेत."

"आत तीन माणसं बसणार हायेत, साहेब. इंजिन हवेत धरंल का न्हाई, त्येची मला खात्री न्हाई."

तेव्हा आबासाहेबांनी माईक हातात घेतला. त्यांचे शब्द मला अजून पाठ आहेत. "बंधूंनो, ढग आलेत. विमान तयार हाय, वैमानिक तयार हाय. पण आमच्या साळवे साहेबांची मर्जी न्हाई!"

एवढेच बोलून त्यांनी माईक ठेवला. इंजिनाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. लोक सुरुवातीला आभाळाकडे बघत राहिले. मग हळूहळू ढग दक्षिणेला सरकले, डोंगराआड गेले आणि माळावर पुन्हा ऊन पडले, तेव्हा पहिला दगड आला. 'वामन्यानं पाऊस अडवला' ही आरोळी मी माझ्या कानांनी ऐकली. ओरडणाऱ्यांत माझे वडीलही होते. ज्या माणसाला लोक अहो-जाहो करत होते, त्याची जात आणि एकेरी नाव एका क्षणात सगळ्यांना आठवले.

चारच दिवसांत हैदराबादहून आलेल्या इंजिनिअरांनी ते इंजिन उघडले. आतले मुख्य बेअरिंग फुटले होते. माळावर तेव्हा आबासाहेब होते, साहेब होते, वैमानिक होते आणि मी होतो. "थोडक्यात वाचलात," पाहुणे वैमानिकाला म्हणाले. आबासाहेब म्हणाले, "बरं झालं मग," आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले. त्या दिवशी जीप फिरली नाही. लाऊडस्पीकर कारखान्याच्या गोदामात पडून होता, तो कोणी आणला नाही.

साहेबांना चौसाळ्यातली भाड्याची खोली सोडावी लागली. पण खरी झळ त्यांच्या आईंना बसली. साहेबांच्या आई, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, त्या दिवशी माळावर होत्या. मुलगा विमान उडवून पाऊस आणणार म्हणून नवे लुगडे नेसून आल्या होत्या. त्यांनी ते माईकवरचे वाक्य ऐकले. त्यानंतर टँकरवर त्यांचा नंबर आला की बाया घागर बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "तुज्या पोरालाच माग की पानी." बाई रिकामी घागर घेऊन परत यायच्या आणि मुलाला सांगायच्या, आज टँकर आलाच न्हाई.

नवे इंजिन बसवून विमान पुढच्या वर्षी उडाले. पाऊसही झाला, आणि छत्री धरलेल्या आबासाहेबांचा फोटो विमानासमोर निघाला. त्या फोटोत साहेब नाहीत, कारण ते तेव्हा इंजिनाखाली होते. योजना गुंडाळली गेली तसे विमान कारखान्याच्या फाटकाशी ठेवले. शाळेच्या सहली यायच्या, मुले पंखांवर नावे कोरायची. पुढे कारखानाच अवसायनात गेला आणि भंगारवाले आले. गॅसकटर लावण्याआधी साहेबांनी दोन्ही इंजिनांतले तेल स्वतः काढले. मी म्हणालो, "आता कशाला साहेब?" ते म्हणाले, "आग लागंल कुनाला तरी." इतक्या माणसांना वाहून नेलेल्या त्या विमानाचा पत्रा एका दुपारीत ट्रकमध्ये मावला.

त्यानंतर साहेबांनी मांजरसुंब्याला फाट्यावर डिझेल इंजिनांचे दुकान टाकले. 'त्याच्याकडं मोटार नेऊ नका, पाऊस अडंल' असे चेष्टेने म्हणणारे आजही भेटतात. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी एका प्रसंगाने सांगतो. आमच्या विहिरीवरचे इंजिन ऐन पेरणीनंतर बंद पडले. वडिलांना साहेबांकडे जायचे तोंड नव्हते. मी न सांगताच साहेब अवजारे घेऊन मळ्यात हजर झाले. काम संपेपर्यंत वडील बांधावर खाली मान घालून बसले होते. इंजिन सुरू झाले, पाणी पाटाला लागले, तेव्हा त्यांनी विचारले, "साहेब, त्या दिवशी विमान उडलं असतं, तर पाऊस पडला असता का हो?"

साहेब हात पुसत म्हणाले, "त्ये मला म्हाईत न्हाई, दादा. विमान पडलं असतं, एवढं म्हाईत हाय."

वडील रडले. पण मळ्यात रडले. गावात त्यांनीही कधी काही सांगितले नाही, आणि ते वारेपर्यंत मला ही गोष्ट सलत राहिली.

आज त्याच आबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली साहेबांचा सत्कार होत आहे. निमंत्रणपत्रिकेत साहेबांना 'पर्जन्यदूत' म्हटले आहे. तालुक्याने दिलेले 'पाऊस अडवणारा' हे पहिले नाव खोटे होते, हेही खोटेच आहे. मी साहेबांना विचारले, सत्काराला येणार ना? ते म्हणाले, "येतो. फकस्त आबासाहेबांनी माईकवर एक वाक्य बोलावं. इंजिन खराब हुतं, साळव्यांनी पाऊस अडवला न्हाई." मी हे समितीच्या कानावर घातले. समिती म्हणाली, "सत्कार करतोय म्हणजे त्यात सगळं आलंच की." मी साहेबांना म्हणालो, मग मी ते ग्रंथात लिहितो, छापून येऊ दे. साहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "लिवा तुमी. पन बाईला वाचता येत न्हाई, ढगवाले. तिनं त्ये माईकवर ऐकलं हुतं."

बाईंनी नव्वदी ओलांडली आहे. मंडपात पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, असे समितीने मला आवर्जून कळवले. आदरणीय साळवे साहेबांना मी उदंड आणि निरोगी आयुष्य चिंतितो. त्यांचे हात असेच चालत राहोत. आणि बाईंसाठी एवढेच मागतो, की आमच्यापैकी कुणाला तरी माईक हातात घेऊन ते वाक्य बोलायची लाज वाटेनाशी होईपर्यंत त्यांचे कान शाबूत राहोत.