दोन ओळींत गायब केलेली वाडी

आधी चहा संपवा, कारण माझी फजिती ऐकताना तो नाकातून बाहेर येईल आणि पुन्हा दोष माझ्यावरच. आधीचे दोष अजून फेडतेय मी!

तर आमच्या कोकणातल्या गावात दोन वाड्या. वरची आणि खालची. शिमग्याला देवाची पालखी पहिल्या दिवशी एका वाडीत, दुसऱ्या दिवशी दुसरीत. पहिला मान एक वर्ष वरच्या वाडीला, पुढच्या वर्षी खालचीला. यात मस्करी चालत नाही हां! सख्खे भाऊ बोलायचे बंद होतील, पण मान सोडणार नाहीत. अर्धं गाव मुंबईत, म्हणून याचं पत्रक निघतं विक्रोळीतून, आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीतून. ते बघून माणसं रजा टाकतात.

पत्रक लिहिणार अण्णा. खालच्या वाडीचे, बावीस वर्षं मंडळाचे चिटणीस. गेल्या वर्षीचा कागद समोर घ्यायचा, त्यावर पेन्सिलीने काहीतरी खुणा करायच्या, मग नव्या कागदावर वळणदार अक्षरात सगळं उतरवायचं. अख्खा रविवार जातो!

आणि मी? नुकतीच पदवीधर. तीन आठवड्यांपासून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. आता विचार करा, गाव सुधारायची केवढी घाई असेल!

"अण्णा, कसली पेन्सिल घेऊन बसलाय! दोन ओळींचं काम आहे हे."

"पत्रकच पंधरा ओळींचं आहे गं."

"कोडच्या दोन ओळी! गेल्या वर्षीचं पत्रक टाइप केलेलं आहे माझ्या लॅपटॉपवर. शब्द बदलायची कमांड असते. पहिली ओळ, 'वरची' दिसेल तिथे 'खालची' कर. दुसरी ओळ, 'खालची' दिसेल तिथे 'वरची' कर. झाली अदलाबदल!"

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "पाठवायच्या आधी एकदा वाच हां."

"मशीन चुकत नाही, अण्णा."

हे वाक्य मंडळातल्या प्रत्येकाच्या लक्षात आहे. तुम्हीही ठेवा.

एंटर दाबलं. वाचलं का? छे! एवढा वेळ कोणाला होता? गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली माझा संदेश: 'मंडळ आता डिजिटल. मान-बिन विसरा, सगळे समान!'

दोन मिनिटांत आईचा फोन. आईचं माहेर खालच्या वाडीत.

"माझ्या माहेरचा देव कुठे घालवलास?"

"काय?"

"तूच लिहिलंयस ना? मग वाच!"

वाचलं. पहिल्या दिवशी पालखी: वरची वाडी. दुसऱ्या दिवशी पालखी: वरची वाडी. ढोल वरची वाडी, जेवण वरची वाडी, भांडी घासणं वरची वाडी. खालची वाडी कुठेच नाही! शेकडो वर्षं भरती-ओहोटी सोसलेली वाडी मी एका एंटरने पुसली होती.

ग्रुपवर तर आग लागली. 'वाटलंच होतं! पोरगी वरच्या वाडीची ना? बापाने शिकवून पाठवली असणार!' माझे बाबा तेव्हा घरी दुपारची झोप काढत होते, बिचारे.

मग मामाचा फोन. "गो बाय, आमची वाडी खंय बुडवलंस?"

"मामा, चूक झाली. लगेच सुधारते."

"चूक कसली? सगळे समान म्हणालंस ना? केलंस की! सगळे वरच्या वाडीचे!"

बरं, वरची वाडी तरी खूश असावी? माझी काकू फोनवर ओरडली, "दोन दिवस पालखी, छान. पण दोन्ही दिवसांची भांडी पण आम्हीच?"

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? थांबून विचार. मी काय केलं? त्याच दोन ओळींची जागा बदलली. आधी खालचीचं वरची, मग वरचीचं खालची. एंटर. 'सुधारित पत्रक' म्हणून ग्रुपवर!

या वेळी तरी वाचलं का? विचारू नका.

आता सगळीकडे खालची वाडी. मामाने अंगठा पाठवला. काकूने फोनच बंद केला. वरच्या वाडीतल्या एकाने लिहिलं, 'आमच्या देवाला आमच्याकडे यायला व्हिसा लागतो काय?'

माझे डोळे भरले हो. आता गावात कुठल्या तोंडाने जायचं? आणि समोर अण्णा, शांत. त्यांनी गेल्या वर्षीचा कागद माझ्यापुढे सरकवला. प्रत्येक 'वरची'वर पेन्सिलीची बारीक फुली.

"हे बघ. आधी वरचीवर फुली. मग खालचीचं करायचं वरची. शेवटी जिथे जिथे फुली, तिथे खालची. फुली मारली नाहीस, तर आधीपासून वर कोण होता आणि आत्ता वर कोण आला, कळणार कसं?"

तीन आठवडे फी भरून जे मला सुचलं नाही, ते बावीस वर्षं या खोलीत पेन्सिलीने चाललं होतं!

गुपचूप कोड बदललं. वरचीचं फुली, खालचीचं वरची, फुलीचं खालची. या वेळी मोठ्याने वाचलं, दोनदा. पहिला मान खालच्या वाडीला, त्या दिवशीची भांडी वरच्या वाडीला. अगदी बरोबर! अण्णांनी मान हलवली, मग पाठवलं.

"किती ओळी झाल्या?"

"तीन, अण्णा."

"हं," म्हणाले. बस, एवढंच.

शिमग्याला पालखी वाजतगाजत आधी खालच्या वाडीत गेली. गुलाल उधळला, पंगती उठल्या. आणि पत्रकाप्रमाणे भांड्यांना वरची वाडी, म्हणजे सगळ्यांच्या मते मी. काकू मला विहिरीशी बसवून पालखी बघायला निघून गेली. राखेने हात काळे, समोर माझ्या उंचीची रास. तेवढ्यात मामा भाताचा सगळ्यात मोठा, तळाला करपलेला टोप घेऊन आला आणि अलगद माझ्यापुढे ठेवला.

"घास गो बाय. दोन ओळींचा तर काम!"