बर्फातली काळजं

प्रबंधात फक्त आकडे मावतात. उरलेलं आम्ही लॅबमधल्या चहाबरोबर एकमेकांना सांगत बसतो, आणि दर वेळी एखाद्या किश्श्याची भर पडतेच. माझा विषय समुद्री माशांच्या पेशींच्या पडद्यांमधली फॅटी ॲसिडं. कॉलेज डहाणूचं, मासळी जवळच्या आगर गावात मासे विकणाऱ्या जयामावशीची.

सुरुवातीला मी तिच्याकडून नुसती डोकी, कल्ले आणि काळजं मागून न्यायची. आठवडाभर तिने पाहिलं. मग एक दिवस पिशवीच्या तळाशी दोन मोठे बोंबील निघाले. विचारलं, तर म्हणाली, "डोक्यांवर किती दिवस काढशील, बाय?"

* * *

तेव्हा तिला सगळं समजावून सांगितलं: हे खायला नाही, लॅबच्या मशीनवर तपासायला नेते. प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो. पाणी गार झालं की मासा त्यातली चरबी बदलतो, म्हणजे पडदा कडक होत नाही. मावशीने मासळी मांडता मांडता ऐकून घेतलं.

"खोबरेल थंडीत गोठतं, मासळीचं तेल गोठत नाही. एवढ्यासाठी मशीन लागते?"

माझ्या गाइड मॅडम आता पहिल्या वर्षाच्या वर्गात हेच वाक्य सांगतात. मावशीचं नाव घेऊन.

* * *

ती मशीन बिघडली, तेव्हा वापीहून इंजिनिअर आला. पक्का शाकाहारी. दारातच थबकून त्याने विचारलं, "शेनी वास आवे छे?" कसला वास येतोय?

आमचे लॅब अटेंडंट लक्ष्मणकाका गुजरातच्या हद्दीवरच्या वेवजीचे, गुजराती त्यांना घरच्यासारखी. "तेलनी," तेलाचा, ते शांतपणे म्हणाले. कुठल्या तेलाचा, ते नाही सांगितलं.

इंजिनिअर निर्धास्त कामाला लागला. जाताना बजावून गेला, मशीनचं तेल जुनं झालंय, बदलून घ्या.

* * *

मे महिन्यात वादळी वारा सुटला आणि लाइट गेली. फ्रीजरमध्ये माझे थंडीत गोळा केलेले सगळे नमुने. ही चरबी उबेत लवकर खराब होते. दुपारपर्यंत लाइट येईना, मी रडकुंडीला आले. लक्ष्मणकाकांनी नमुन्यांच्या बाटल्या थर्मोकोलच्या खोक्यात भरल्या, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट आगर गाठलं.

मावशीची बर्फाची पेटी पापलेटांनी भरलेली. तिने ती रिकामी केली. पापलेटं शेजारणींना वाटून टाकली, आमचं खोकं आत ठेवलं, बर्फावर मीठ मारलं, वर गोणपाट टाकलं आणि तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी लाइट आली. तपासले, तर नमुने शाबूत. हे सांगायला मी धावत मावशीकडे गेले, आणि पापलेटांबद्दल काहीतरी बोलू लागले. तिने मला मध्येच थांबवलं.

"पापलेट उद्यापण मिळंल. तुझी थंडी गेली असती, ती कुठून आणली असतीस?"