उदाच्या धुरातला मासा

माशावर तारीख छापलेली नसते. ती नाकाला कळते, आणि आमच्या घरात नेमकं तेच नाक बंद करून ठेवलेलं होतं. याचा राग मला अजून येतो.

साठच्या दशकात आम्ही धुळ्याला एका शेठजींच्या घरात भाड्यानं राहायचो. मधल्या अंगणापलीकडे त्यांचं बिऱ्हाड. जागा देताना त्यांनी एकच अट घातली होती, मांसमच्छी आणायची नाही. वडील तापीकाठचे, माशावर वाढलेले. त्यांनी मान डोलावली आणि अट अगदी शिस्तीत मोडायला घेतली. गावाहून आत्या सकाळच्या एसटीनं मासा धाडायची, कडुलिंबाच्या पाल्यात, ओल्या गोणपाटात बांधून. दुपारी तो घरी आला की आई आधी खिडक्या लावायची, मग निखाऱ्यावर मूठभर ऊद टाकायची, आणि खोली धुरानं भरल्यावरच गाठोडं सोडायची.

एका उन्हाळ्यात एसटी वाटेत बंद पडली. मासा पोचला तो दिवेलागणीला. आईनं नेहमीसारखा ऊद घातला आणि वडिलांनी मासा नाकाशी धरला. त्या धुरात त्यांना रॉकेलचाही वास आला नसता. माशाचा डोळा गढूळ दिसत होता, पण डोळे तर आमचेही पाण्यानं भरले होते.

"चांगला शे," वडील म्हणाले.

आईला शंका होती. पण टाकायचा कुठं? उकिरडा शेठजींच्या दारासमोर, मांजरांनी ओढत त्यांच्या ओट्यावरच नेला असता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी टाकण्यापेक्षा खाणं बिनधोक, असा न्याय झाला. चांगले तुकडे आमच्या ताटात आले आणि डोकं, जे सगळ्यात आधी नासतं, ते रिवाजाप्रमाणे आईला.

पहाटेपासून आईला उलट्या-जुलाब सुरू झाले. सकाळी डॉक्टर आले, त्यांच्या मागोमाग शेठाणीही येऊन दारात उभ्या राहिल्या. काय खाल्लं, ते डॉक्टरांनी आईला विचारलं. डोळे खोल गेलेले, हात गार पडलेले, आणि आई म्हणते काय, तर वांग्याचं भरीत. वडील खाली मान घालून उभे. माझं डोकंच फिरलं. घर जाईल म्हणून आईला जाऊ द्यायचं?

"मासा खाल्ला तिनं. नासलेला," मी म्हणाले.

डॉक्टरांनी औषध बदललं आणि लगेच सुई दिली. आता सामान बाहेर काढा म्हणतील, म्हणून मी शेठाणींकडे बघत राहिले.

"भरदुपारी तुमच्याकडे ऊद जळला की आम्हाला कळतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतकी वर्षं मी खिडकी लावून घेते."

केवढं मोठं मन, असं पुढे सगळे म्हणत राहिले. मला मात्र संताप आला. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं ठाऊक, आणि आमची आई मरणाच्या दारातही भरीत सांगत होती. एकदा तोंडानं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं त्यांचं?

आई बरी झाली. पुन्हा आत्याचं गाठोडं आलं, तेव्हा तिनं मला ऊद घालायला सांगितलं. आता त्यांना माहीत आहे ना, मी म्हटलं.

"माहीत शे ते येगळं," आई म्हणाली. "वास तिकडे जावाले नको."

मी निखाऱ्यांवर पाणी ओतलं, खिडकी सताड उघडली आणि तिथंच गाठोडं सोडून मासा हुंगला. अंगणापलीकडे शेठाणी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपली खिडकी लावून घेतली. मासा ताजा होता.