आवाज सिस्टरचाच

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे पट्टीवाल्या सिस्टर म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सव्वीस वर्षं बाईंनी दुसरं काही केलंच नाही. लोकांच्या जखमा उघडायच्या, धुवायच्या, पुन्हा बांधायच्या. सकाळी खोलीत, दुपारी घरोघर. हात हलका आणि तोंड फटकळ. कुणी पट्टी ओली करून आलं की म्हणायच्या, "काय हो, पट्टीलाही आंघोळ घातलीत? मग पावडर-टिकलीही करायची होती!"

आणि नाक तर विचारूच नका. डॉक्टरांना जे रिपोर्ट बघून कळायचं ते बाईंना दारातून कळायचं. घरात पाऊल टाकायच्या आधीच म्हणायच्या, "बिघडलंय." मग चपला काढायच्या.

त्यांच्या रोजच्या घरांत एक घर शिंपीकाकांचं. तिसरा मजला, पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, मागे स्वयंपाकघर, माणसं दोनच, काका आणि काकू. काकांना साखरेचा जुना आजार. त्यात उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, आणि तळव्याला एक जखम राहिली ती काही भरेना. पायाच्या नसा मेलेल्या, त्यामुळे ती दुखायचीही नाही. बाई काकूंना सांगायच्या, "दुखणारी जखम खरं बोलते. ही लबाड आहे, हिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि काकांना पाय टेकवू देऊ नका, एक पाऊलसुद्धा नाही."

काकांचा स्वभाव असा, की कशाचीही तक्रार म्हणून नाही. दुकान जळालं तेव्हा म्हणाले, "चालायचंच." बोटं काढली तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या तेच, "चालायचंच." बाई त्यांना पुरत्या ओळखून होत्या. काकांच्या तोंडून तो शब्द निघाला की आधी पट्टी सोडायची, बोलायचं मग, हा त्यांचा नियम. कारण काही ठीक असलं की काका शिव्या द्यायचे, बिघडलं की चालायचंच म्हणायचे. उलटी खोपडी, दुसरं काय!

मग दवाखान्यात मोबाइल आला. म्हणजे मोबाइल सगळ्यांकडे होतेच, पण आता रोग्याची विचारपूस मोबाइल करणार होता. हे काम बघायला एक मॅडम आल्या, हसतमुख, हुशार. रोज सकाळी नऊला रोग्याला फोन जाणार, पाच प्रश्न विचारले जाणार, रोग्यानं तोंडानं उत्तर द्यायचं. यंत्र उत्तरातले ठरावीक शब्द पकडणार आणि नावापुढे रंग लावणार. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा. बाईंनी जायचं ते फक्त लाल घरी, हिरव्यांची पट्टी घरच्यांनीच बदलायची.

खोटं कशाला बोला, कल्पना वाईट नव्हती. बाई एकटी, जखमा ऐंशी. एका ट्रकवाल्यानं गावाबाहेरून त्याच मोबाइलवर पोटाच्या टाक्यांचा फोटो पाठवला आणि त्याच दिवशी त्याला दाखल करून घेतलं, नाहीतर गेलाच असता. बाईंनीही तोंड भरून कौतुक केलं होतं.

"लोक अनोळखी आवाजाला फोन ठेवून देतात," मॅडम म्हणाल्या, "आपण तुमचाच आवाज वापरू." भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत बाईंना बसवलं आणि वाक्यं वाचून घेतली. बाई म्हणाल्या, "वास येतो का, हे विचारा." मॅडम म्हणाल्या, "लोकांना संकोच वाटतो हो. आणि पाचच प्रश्न बसतात." बाईंनी पुढे ताणलं नाही. खरं सांगायचं तर त्या खूश होत्या. आपला आवाज मशिनीत! घरी जाऊन नवऱ्याला दोनदा ऐकवला.

शिंपीकाका पहिल्या दिवसापासून हिरवे. बाईंनाही हायसं वाटलं. दोनदा त्यांच्याच गल्लीतून लाल घरी जाताना त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. हिरवाच रंग. तीन जिने होते, गुडघे कुरकुरत होते, पुढे चार घरं बाकी होती. गेल्या तशाच पुढे.

तेविसाव्या दिवशी काकू स्वतः दवाखान्यात आल्या. रांगेत थांबल्या नाहीत, सरळ पट्टीच्या खोलीत शिरल्या. "काय हो सिस्टर, रोज सकाळी फोनवर गोड गोड बोलता, आणि एकदा येऊन बघता येत नाही तुम्हाला? एवढं काय आम्ही तुमचं घोडं मारलंय?"

बाई कात्री तशीच टाकून उठल्या. काकांच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच त्यांना वास आला. त्या दिवशी 'बिघडलंय' म्हणायचीही गरज नव्हती, आणि चपला काढायचं भानही राहिलं नाही. काका खुर्चीत बसले होते, अंगात ताप, ओठ कोरडे. पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला.

"अहो, पण जखम इतकी फाटली कशानं?" बाई ओरडल्याच. "पाय टेकवला होता का?"

काकू म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना, चालत राहा म्हणून? रोज दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी नको म्हणत होते. म्हणाले, सिस्टर सांगतेय ते तुझ्यापेक्षा जास्त कळून सांगतेय."

त्याच संध्याकाळी गुडघ्याखालून पाय काढला.

दुसऱ्या दिवशी बाई मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "काकांचे फोन ऐकवा मला. सगळे." मॅडमनी लावले. मॅडमचं हसू पहिल्या दिवसाच्या फोनलाच गेलं.

"नमस्कार, मी पट्टीवाली सिस्टर बोलतेय. जखम दुखते का?"

"बोला, बोला सिस्टर! दुखत नाही हो."

"घरातल्या घरात चालता येतंय का?"

"तुम्ही बंदी घातलीय ना! मग काय, बसायचं खुर्चीत. चालायचंच."

"छान! असंच चालत राहा."

यंत्रानं 'चाल' एवढंच उचललं होतं. पोटाचं, पाठीचं ऑपरेशन झालेल्यांसाठी ते शाबासकीचं वाक्य होतं, चालणं त्यांना चांगलं.  काका म्हणाले होते, "चालू म्हणता? बरं. तुम्ही म्हणता तर चालतो."

दहाव्या दिवशी शेवटच्या प्रश्नाला, "आणखी काही सांगायचंय?" काका म्हणत होते, "मोजा ओला होतोय, सिस्टर. ही म्हणते वास येतो. तुम्ही कधी येताय?"

"धन्यवाद. काळजी घ्या. उद्या बोलू."

"बरं बरं. घाईत दिसताय. उद्या बोलू."

असे तेवीस. विसाव्या दिवशी आवाज खोल गेला होता, पण शब्द तोच, आणि त्याला शाबासकीही तीच. आणखी काही सांगायचंय, याची उत्तरं फक्त लाल रोग्यांची ऐकली जायची. हिरव्यांची नुसती साठवली जायची. "मग विचारलंत कशाला?" बाईंनी विचारलं. मॅडम खाली बघून म्हणाल्या, "विचारलं की माणसाला बरं वाटतं."

बाई वॉर्डात गेल्या. काका उशीला टेकून बसले होते. चादर एका बाजूला सपाट पडली होती. काकूंनी तोंड फिरवलं. काका मात्र बाईंना बघून थोडे हसले.

"सिस्टर, तुम्ही म्हणालात तेवढं सगळं केलं हो मी. एक दिवस चुकवला नाही. मग असं कसं झालं?"

बाईंना एकदा वाटलं, गप्प बसावं. फोनवर मीच होते म्हटलं तर ऐकूनही आले नाही असं होईल, नव्हते म्हटलं तर... पण त्या बोलल्या. "काका, फोनवर मी नव्हते. माझा आवाज मशिनीत भरून ठेवलाय. ते मशीन बोलत होतं. तुमचं बोलणं मी ऐकलंच नाही. आणि मी खाली गल्लीत दोनदा आले होते, पण वर आले नाही."

काकांना समजायला वेळ लागला. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग चादरीकडे.

"रोज सकाळी नऊच्या आत दाढी करून बसायचो मी," ते म्हणाले. "तुमचा फोन म्हणून. मग तेवीस दिवस मी कुणाशी बोलत होतो?"

चालायचंच, असं ते म्हणतील म्हणून बाई थांबल्या. तो शब्द आला नाही; काकांनी सपाट चादरीवरून हात फिरवला.