ज्याला ते खड्डा म्हणतात

‘नव्या राजधानीपूर्वी येथे गाव नव्हते, ओसाड जमीन आणि पावसाचे पाणी साचणारा एक खड्डा, एवढेच होते.’ बालवाचकांनो, तुमच्यासाठी छापायला निघालेल्या पुस्तिकेतले हे वाक्य साफ खोटे आहे, आणि ते खोटे पाडायला माझा एकटा साखळीवाला पुरेसा आहे.

मी मोजणी खात्यात होतो तेव्हा जमीन मोजायची लोखंडी साखळी धरणारा हा गृहस्थ त्याच गावचा. इतका गावाभिमानी माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नाही. गावाला स्वतःची पंचायत नव्हती. कागदोपत्री ते शेजारच्या मोठ्या गावाचा एक पारा, म्हणजे नुसती वस्ती. हा मात्र त्या मोठ्या गावालाच ‘आमच्या बाजूची वस्ती’ म्हणे. गाव उठले, तेथून रुंद रस्ता गेला, आणि हा रायपुरातल्या तेलीबांध्याला मुलाकडे राहायला आला. तरी दर सोमवारी बस पकडून तो गावाला जातो, म्हणजे रस्त्यावर जाऊन उभा राहतो. कोणी मोटारवाल्याने कचेरीचा पत्ता विचारला की हा सांगतो, “पीपल से मुड़ो, फिर कुआं छोड़ के सीधे.” ना पिंपळ उरला आहे, ना विहीर, मोटारवाला घिरट्या घालतो. एका ठिकाणी तर हा चपला काढून हातात घेतो. एकदा वाहतूक शिपायाने हटकले, तर म्हणाला, “ठाकुरदेव के आंगन में तू जूता पहन के खड़ा है, पहले अपना देख.” शिपाई बिचारा दोन पावले सरकला. “वहां भी नहीं भैया, वो भौजी की रसोई है.”

पुस्तिका लिहिणारी माझी सख्खी पुतणी, राजधानीच्या कचेरीत नोकरीला. मी तिला तिच्या टेबलाशीच गाठले. “काहून खोटं शिकवून राहिली पोट्ट्याईले?”

तिला मराठी सगळे कळते. उत्तर हिंदीतच येते. “काका, मैंने मन से नहीं लिखा. पुराने नक्शे में यही लिखा है. कल छपने जाएगा. सबूत हो तो आज ही दे दीजिए.” तिने नकाशा पुढे सरकवला. त्यावर पाऱ्याचे नाव कुठेच नव्हते, ‘पडीक, खड्डा’ एवढीच नोंद होती, आणि नोंदीखालची सही माझी होती.

तो नकाशा घेऊन मी तडक तेलीबांध्याला गेलो. मोजणी ऐन वैशाखातली. मी ज्याला खड्डा लिहिले ते गावाचे तळे तेव्हा तळापर्यंत आटलेले. “साखळीचं दुसरं टोक तुझ्याच हातात होतं. तेव्हाच काहून नाही बोलला?”

“आपने पूछा नहीं, साहब. और बीच वाले खंभे पर आपने अपना झोला टांगा था. मैं समझा, आप देख लिए होंगे.”

एवढे बोलून तो माझ्यासाठी चहा सांगायला आत गेला. चपलांवरून शिपायाशी भांडणारा हा माणूस, माझ्या एका शब्दाने त्याचे गाव पुसले गेले तरी इतकी वर्षे माझ्याशी भांडला नव्हता. 

संध्याकाळी पुतणीच्या हाती मी माझ्या सहीचा दुसरा कागद ठेवला. त्यात लिहिले की माझी पहिली नोंद चुकीची आहे. तळ्याच्या मधोमध सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाचा खांब रोवलेला होता, आणि त्याला मी माझ्या हाताने झोळी अडकवली होती. या मुलखात गावकरी तळे खोदतात, वाजतगाजत त्याचे लग्न लावतात, आणि तो खांब त्या लग्नाची खूण म्हणून उभा करतात. पावसाने पडलेल्या खड्ड्याचे लग्न कोणी लावत नाही.