चार दात्यांचे अंतर

पाणीपुरवठा खात्याच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे काढून मिस्त्री निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांनी खात्याच्या लिलावातून एक मोडका ट्रक घरी आणून टाकला. आणला म्हणजे ओढून आणला. चाकांत हवा नव्हती, टपाला भोके पडली होती आणि चालकाच्या आसनातून गवत उगवले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली जुनी कपाटे, फळ्या, लेकीची लहानपणची सायकल असे सारे बाहेर निघाले आणि ते धूड आत गेले.

शेजारचे मास्तर भिंतीवरून डोकावले. “मिस्त्री, निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात. तुम्ही भंगार पेरलंत की काय? उगवलेलं दिसतंय!”

मिस्त्री चाकांमागे विटा लावत राहिले. त्यांच्या पत्नीने मात्र नंबराच्या पाटीवरचा गंज अंगठ्याने पुसला, अंक वाचले आणि ती आत गेली. बावीस वर्षांपूर्वी याच ट्रकाने खात्यात चालक असलेल्या तिच्या थोरल्या भावाचा उजवा पाय अधू केला होता. पायामागून नोकरी गेली होती आणि नोकरीमागून नाव.

हा ट्रक चारही चाकांना ओढ देणारा. सपाट रस्त्यावर मागची दोनच चाके राबत. चढ लागण्याआधी चालकाने पायाजवळचा आखूड दांडा ओढायचा, म्हणजे पुढची दोन चाकेही इंजिनाला जुंपली जात. पत्नीच्या भावाला मिस्त्रीही तिच्यासारखेच दादा म्हणत. त्या दिवशी लोखंडी नळ भरून दादा तलावाचा चढ चढत होते. अर्ध्या चढावर गाडीच्या पोटात काहीतरी कडाडून तुटले आणि भरली गाडी उलटी घरंगळत खाली आली. चौकशीत दादांचे म्हणणे एकच होते. “दांडा मी खालीच, सपाटीवर टाकला होता. पुढची चाकं आणि मागची चाकं यांची आतल्या आत ओढाताण चालली होती. मला ऐकू येत होतं.” मिस्त्रींनी लेखी अभिप्राय दिला, की मागच्या चाकांचा आस, आतल्या दातेरी चक्रांसकट, आपण स्वतः तीनच आठवड्यांपूर्वी बांधला असून तो निर्दोष आहे आणि भर चढावर, भाराखाली दांडा ओढल्यावाचून गाडी अशी तुटत नाही. त्यांच्या सहीला त्या काळी वजन होते. आस कोणी उघडून पाहिला नाही.

दादा पुढे एका गोदामाच्या फाटकावर राखणीला बसू लागले. बहिणीच्या घरी त्यांनी पाऊल टाकले नाही. चारचौघांत विषय निघाला की ते काठी आपटून म्हणत, “माझं सगळं नेलं, पण माझे कान मला ठाऊक आहेत.” ते वाक्य फिरत फिरत मिस्त्रींपर्यंत येई आणि शल्यासारखे रुतून बसे. तेव्हा ट्रक घरी आला तो पश्चात्तापापोटी नव्हे. लोकांना तसे वाटले; पत्नीलाही काही दिवस तसे वाटले आणि तेवढे दिवस तिने मिस्त्रींच्या पानात गरम पोळी वाढली. मिस्त्रींना तो ट्रक पूर्ववत उभा करायचा होता, दादांना शेजारी बसवून तोच चढ चढून दाखवायचा होता आणि एका माणसाचा हट्ट कायमचा मोडायचा होता.

पाच वर्षे हे काम एखाद्या अनुष्ठानासारखे चालले. शेडच्या तुळईला साखळी बांधून त्यांनी केबिन उचलली, इंजिन उतरवले, चासी उघडी केली आणि ती वीतवीत खरवडून तिच्यावर तांबडा रंग चढवला. धक्के झेलणाऱ्या कमानींचा एकेक पाटा सुटा करून घासला. खिळे, नट, वायसर डब्यांत गेले आणि डब्यांवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या लागल्या. जे मिळेना ते त्यांनी कानशीने घडवले. दुसऱ्या वर्षापासून पत्नीही रॉकेलच्या परातीशी बसून भाग धुऊ लागली. पण हात चालला तरी तोंड थांबत नसे.

“स्वयंपाकघरातला नळ चार महिने गळतोय. त्याला चाकं लावू का, म्हणजे तुमचं लक्ष जाईल?”

“उद्या बघतो.”

“हे उद्या मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.”

सारा ट्रक असा उकलला, धुतला आणि जुळवला गेला; एक मागचा आस तेवढा राहिला. त्याला बाहेरून रंग लागला, आत हात लागला नाही. “तो माझ्या हातचा आहे,” मिस्त्री म्हणत. “त्यात काय बघायचं?” दुसऱ्याच्या कामावर त्यांनी आयुष्यात कधी डोळे मिटून विश्वास ठेवला नव्हता. ती सूट त्यांनी एकट्या स्वतःला दिली होती.

गाडी सुरू झाली त्या आठवड्यात लेक मामाकडे निरोप घेऊन गेली. बाबा तलावाचा चढ चढून दाखवणार आहेत, याल का? दादा म्हणाले, “येतो. मलाही ऐकायचंय.” महिन्यानंतरचा दिवस ठरला.

आणि मग तेल ठिबकू लागले. इंजिनाची ओढ मागे नेणारा गाडीच्या पोटातला लांब दांडा जिथे मागच्या आसात शिरतो, नेमके तिथून. सील बदलले तरी थांबेना. म्हणजे आतले बेअरिंग गेलेले. एका दुपारी नाइलाजाने त्यांनी आस उघडला, आतले मोठे दातेरी चक्र काढून परातीत ठेवले, आणि ते धुऊन निघाले तसा त्यांचा हात थबकला. चष्म्यावर तेल उडाले होते. ते पत्नीला म्हणाले, “खडूने खूण कर आणि दाते मोज.”

“एकोणचाळीस.”

“पुन्हा मोज.”

“एकोणचाळीसच आहेत. जन्मभर स्वेटरचे टाके मोजलेत मी. का, किती हवेत?”

पुढच्या आसातल्या चक्राला त्रेचाळीस दाते होते. ते मिस्त्रींनी दोन वर्षांपूर्वी स्वतः मोजले होते. त्यांनी चक्रावर फडके टाकले आणि म्हटले, “बरोबर आहे.”

कार्यशाळेच्या कोठारात तेव्हा दोन जातींच्या गाड्यांची चक्रे शेजारी शेजारी पडलेली असत. आकार एक, रंग एक, फरक काय तो चार दात्यांचा. नवशिके मोजून घेत; मिस्त्री नजरेने उचलत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. एवढ्या फरकाने सपाट रस्त्यावर काहीच बिघडत नाही. पण दांडा ओढून चारी चाके एकत्र जुंपली, की पुढची एका गतीने फिरू पाहतात, मागची दुसऱ्या. कोणीच माघार घेत नाही आणि अखेर मधले काहीतरी तुटते. दादांनी जे ऐकले होते, ते अक्षरशः तसेच घडले होते.

मिस्त्रींनी भंगारवाल्याच्या अड्ड्यावर तीन दिवस उपसून त्रेचाळीस दात्यांचे चक्र त्याच्या जोडीच्या लहान चक्रासकट शोधले आणि जुने त्याच्याच ढिगावर टाकले. सांगायचे त्यांनी ठरवले होते, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. आधी चढ चढायचा, माथ्यावर गाडी थांबवायची आणि तिथे सांगायचे. उत्तम काम समोर उभे असले म्हणजे कबुली देणाऱ्याची मान फार खाली जात नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

ठरल्या दिवशी दादा आले. ताठ पाय आधी आत घेऊन ते शेजारी बसले; लेक आणि पत्नी मागे, फळ्यांवर. पायथ्याशी मिस्त्रींनी दांडा ओढला. दादांनी डोळे मिटले आणि मान खाली झुकवून कान गाडीच्या पोटाकडे लावला. ट्रक चढू लागला. खडीचा चुरचुराट आणि इंजिनाचा एकसंध घोष यांखेरीज कसलाही आवाज नव्हता. अर्धा चढ आला तेव्हा दादांच्या बोटांनी दाराची कड घट्ट धरली. अर्धा चढ गेला. ट्रक माथ्यावर जाऊन उभा राहिला.

मागे लेकीने टाळ्या वाजवल्या. दादांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसू लागला.

“दाजी,” ते म्हणाले, “मग चूक माझीच म्हणायची. चढावरच टाकला असेन मी दांडा. माणूस स्वतःशीसुद्धा किती खोटं बोलतो बघा. सत्तावीस वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या. माफ करा.”

 मिस्त्रींनी सांगायचे वाक्य कित्येक दिवस घोटलेले होते. पण क्षमा मागणारा समोर असताना ती देण्याइतके सोपे दुसरे काही नसते.

“चालायचंच, दादा,” ते म्हणाले.

त्यानंतर दादा दर रविवारी येऊ लागले. बहिणीच्या हातचे जेवत, शेडमध्ये बसत, येईल त्याला ट्रक दाखवत. “आमचे दाजी म्हणजे देवमाणूस. चूक माझी, आणि एका शब्दाने बोलले नाहीत!” मास्तरही भिंतीशी उभे राहून मान डोलवत. पत्नी तर वीस वर्षांनी लहान झाल्यासारखी घरात वावरू लागली. स्तुतीचा एकेक शब्द मिस्त्री ऐकत आणि हातातला पाना उगाच पुसत बसत. फाटकावर आता दादा काठी आपटत नाहीत, हेही कोणीतरी सांगून गेले. दुसऱ्या एकाने सांगितले, की हल्ली कोणी काही विचारले तर दादा आधी म्हणतात, “मला वाटतं... पण माझं काही खरं नाही.”

ते ऐकल्यावर मिस्त्रींना राहवले नाही. पुढच्या रविवारी शेडमध्ये, पत्नी चहा घेऊन आली असताना, त्यांनी सगळे सांगून टाकले. कोठार, नजर, एकोणचाळीस आणि त्रेचाळीस.

दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “दाखवा बघू ते चक्र.”

“भंगारात दिलं. वितळलंही असेल एव्हाना.”

“बरं.” दादा हसले. ते हसू प्रेमाचे होते, म्हणूनच पाहवत नव्हते.

“हिला विचारा,” मिस्त्री घाईने म्हणाले. “अगं, तूच मोजलेस ना दाते?”

“मोजले,” ती गोंधळून म्हणाली. “एकोणचाळीस. पण तुम्हीच म्हणालात ना, बरोबर आहे म्हणून?”

“झालं!” दादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “दाजी, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. कळतं मला. इतका काही मी खचलो नाही. अहो, चढ मी माझ्या कानांनी ऐकला. आवाज नव्हता.”

“दादा, मी चक्र बदलल्यावर नव्हता!”

“असू दे हो. चहा निवतोय.”

पत्नी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. ती खडू घेऊन बसली होती ती दुपार तिला आठवत असावी, कारण कपबशी खाली ठेवून ती बोटांची पेरे मोजू लागली. पण तिने भावाकडे पाहिले, त्याच्या पुढ्यातल्या कपाकडे पाहिले आणि त्यात आणखी थोडा चहा ओतला.

चहा संपवून दादा उठले. पाय ओढत ते ट्रकाच्या दुसऱ्या बाजूला गेले, दार उघडले आणि फार कष्टाने चालकाच्या आसनावर चढून बसले. वीस वर्षे ज्या हातांनी घाटरस्त्यांवर गाड्या खेळवल्या, ते हात त्यांनी स्टिअरिंगवर ठेवले, पुन्हा उचलून मांडीवर घेतले.

“एक मागणं आहे, दाजी,” ते म्हणाले. “मी कुठे चुकलो ते एकदा नीट समजावून सांगा. म्हणजे कळेल तरी. इथे चढ सुरू झाला, असं धरू. आता आधी कुठला दांडा टाकायचा, गिअरचा की हा आखूड?”