चाळीस मिनिटांचे साहेब

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच गुंतवणूक सल्लागार म्हणून काम केलं. ते चाळीस मिनिटं चाललं आणि त्यात त्याला एकदा टाळ्याही मिळाल्या.

खरी सल्लागार मी. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, माझा गाळा आहे. बाहेर माझ्या नावाची पाटी, आत भिंतीवर परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट, फोटोसकट. (फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते, पण ते असो.) म्युच्युअल फंड, विमा, म्हातारपणाची सोय, सगळं मी बघते. माझा नवरा प्रमोद शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात नाटकात कामं करतो. खरं सांगायचं तर नाटकात कामं करतो आणि उरलेल्या वेळात चित्रकला शिकवतो. शेअर म्हणजे काय आणि म्युच्युअल फंड म्हणजे काय, हे त्याला मी लग्नानंतर तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो झोपला.

पण गाळ्यात येणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो, मग पार्टिशनकडे बघतो आणि विचारतो, "साहेब कधी येतील?" एका गृहस्थांना मी पाऊण तास घसा फोडून सगळं समजावलं. ते उठताना म्हणाले, "छान सांगितलंत हो! आता साहेब आले की फायनल करू." कोण साहेब? कुठले साहेब? त्या दिवशी मी घरी जाऊन सगळा राग कोलंबीवर काढला. कोलंबी रबरासारखी झाली आणि प्रमोदने ती मुकाट्याने खाल्ली.

त्या वर्षी मार्चमध्ये फारच ओढाताण झाली. मालकाने भाडं वाढवलं आणि नवीन माणूस काही येईना. एप्रिलअखेर एखादं मोठं काम मिळालं नाही तर गाळा सोडायचा आणि पुन्हा पतसंस्थेत कारकुनी धरायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी पदराला डोळे पुसत ठरवलं. बारा वर्षांची पाटी खाली उतरवायची या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

आणि फोन वाजला.

"मालगुंडासून बोलतंय. शांताराम. रस्त्यात जमीन गेली, त्याचे पैशे आलेत. ते कुठंतरी नीट लावायचे हत. साहेब हत काय?"

बारा वर्षं या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आले होते. "साहेब नाहीत, मीच आहे." त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "आहेत ना! उद्या अकराला या."

आता बोला!

रात्री जेवताना प्रमोदला सांगितलं. मला वाटलं होतं, हा आढेवेढे घेईल. छे! त्याने अर्धी पोळी ताटात टाकली आणि डोळे मिटले.

"या माणसाची पार्श्वभूमी काय?"

"कुठल्या माणसाची?"

"सल्लागाराची. तो असा का झाला? विधुर आहे का?"

"त्याची बायको जिवंत आहे आणि तुला वाढतेय! तुला फक्त खुर्चीत बसून मी सांगेन ते बोलायचंय."

मी एका कागदावर दहा वाक्यं लिहून दिली. शिवाय मी पार्टिशनच्या मागे उभी राहून, प्लायवूडच्या फटीतून प्रॉम्प्टिंग करणार होते. त्यात माझा हात कोण धरणार? प्रमोदच्या मंडळात अठरा वर्षं विंगेत पुस्तक धरून मीच उभी असते. (भूमिका एकही मिळाली नाही. "शुभा, तू बाहेर आलीस तर आत कोण बघणार?" हे दिग्दर्शकाचं ठरलेलं उत्तर. सगळ्यांची भाषणं मला पाठ, रंगमंचाची फळी मात्र पायाला माहीत नाही.) एकच गोष्ट मी त्याला दहादा बजावली, की कसलीही हमी द्यायची नाही. या धंद्यात हमी दिली की लायसन्स गेलंच.

दुसऱ्या दिवशी प्रमोद कोट घालून आला. एप्रिलचा महिना, रत्नागिरी, आणि कोट! तोही कुठल्याशा नाटकातल्या खलनायकाचा. वर बिनकाचेचा चष्मा.

"अरे, चष्म्यातून बोट आरपार जातंय!"

"प्रेक्षक इतक्या जवळ नसतात," तो म्हणाला.

बरोबर अकराला शांतारामकाका आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, ताठ. मागून त्यांची बायको वत्सलाकाकी आल्या. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर काही नाही. काका साहेबांच्या समोर बसले. काकी त्यांच्या शेजारीच, भिंतीकडेच्या खुर्चीत, पार्टिशनला टेकून. म्हणजे मी आणि त्या, मध्ये फक्त एक प्लायवूड.

काका दर प्रश्नाआधी जरा थांबायचे, घसा खाकरायचे आणि मग विचारायचे. मला वाटलं, वय झालंय.

"साहेब, ह्यो बाजार पडलो तर?"

मी फटीतून कुजबुजले, "दीर्घ मुदतीत चढउतार भरून निघण्याची शक्यता असते."

प्रमोदने खुर्ची मागे सरकवली. उठला. खिडकीपाशी गेला. हा खिडकीपाशी गेला की स्वगत असतं.

"पडतो, काका! पडतो! मोहोर नाही गळत? कैरी नाही गळत? म्हणून आपण कलम तोडतो का? नाही! आपण त्याच्या बुंध्याशी बसतो आणि म्हणतो, बाबा रे, मी आहे!"

शांतारामकाकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमोद किंचित झुकला. झालं! त्या टाळ्यांनी घात केला. आता तो कागदावर येणार नव्हता.

काकींनी काकांना कोपर मारलं. काकांनी घसा खाकरला. "साहेब, ह्यात तुमका काय सुटता?"

मी, "कंपनीकडून वर्षाला थोडं कमिशन मिळतं. किती ते आम्ही कागदावर दाखवतो."

प्रमोद, छातीवर हात ठेवून, "मला? मला काही नको, काका. मी हे कलेसाठी करतो!"

मी कपाळ प्लायवूडवर आपटलं. पुन्हा कोपर, पुन्हा खाकरणं. "मग पैशे दुप्पट कधी होतील?"

"सांगता येत नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "सांगता येत नाही म्हण!"

"पुढच्या शिमग्याला!" साहेब गर्जले.

माझ्या हातून किटली पडली. जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्याने वर बघितलं असेल इतका आवाज झाला.

"आत कोण हाय?" काकांनी दचकून विचारलं.

आणि माझा नवरा, माझ्या गाळ्यात, माझ्या खुर्चीत बसून, शांतपणे म्हणाला, "आमच्या चहाच्या बाई आहेत."

आता काय करता! चहाच्या बाई म्हटल्यावर चहा न्यायलाच हवा. किटलीत उरलेल्या चहाचे तीन कप भरले, ट्रे उचलला आणि खाली मान घालून बाहेर आले. प्रमोदने "ठेवा इथे" असं म्हटलं. (ठेवा! याचा हिशेब मी नंतर केला.) काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकींनी बघितलं. मग त्यांनी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. तो चोरासारखा फोटो आणि आताचा माझा चेहरा यात केसाचाही फरक नसणार.

"मना जरा पाणी दे गो," काकी म्हणाल्या आणि माझ्या मागोमाग पार्टिशनच्या आत शिरल्या.

आत गेल्यावर त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या. "भायेर पाटी तुझी. भिंतीवर फोटू तुझा. आणि चाय पण तूच आणतंस?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सगळं भडाभडा सांगून टाकलं. गाळ्याचं भाडं, पतसंस्था, बारा वर्षांचे "साहेब कुठे", सगळं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, त्याची लाज वाटली.

काकी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जमीन माझ्या बापाशीची. पैशे माझ्या नावावर आलेत. पाच ठिकाणी गेलंय. सगळे ह्यांच्याशी बोलतात. मी इचारलं तर जबाब ह्यांना देतात. म्हणून आता मी ह्यांनाच इचारूक सांगतंय. कोपर मारलं की बोलतात."

"म्हणजे ते सगळे प्रश्न तुमचे?"

"मग काय ह्यांचे? ह्यांना पासबुक उलटा धरलेला कळत नाय!"

"पण फोनवर तर काकांनी साहेब आहेत का विचारलं..."

"मी सांगितलेला, बाई हत काय तां इचारा. पाटी बघूनच फोन लावलेला मी, बाईचा नाव हाय म्हणून. ह्यांनी पदरचा साहेब घातलान!"

म्हणजे काकांनी एक शब्द पदरचा घातला आणि मी त्या शब्दाला कोट शिवून, चष्मा लावून खुर्चीत बसवला होता! दर महिला दिनाला बचतगटांपुढे माइक धरून मी सांगते, "बायकांनो, व्यवहारात पुढे या!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. किटलीशेजारी कागद पसरले. काकींनी विचारलं ते एकेक मी सांगितलं, जोखमीसकट, कमिशनसकट. काय प्रश्न विचारत होत्या! मधेच पैसे लागले तर? मी मेले तर कोणाला? तू मेलीस तर कोणाला विचारू? सातवी शिकलेली बाई, पण आकडा कानावर पडायच्या आत तिला उत्तर माहीत. बारा वर्षांत असं गिऱ्हाईक मला मिळालं नव्हतं आणि मी ते कोटाच्या हवाली करून बसले होते.

बाहेर मात्र दोन्ही नटांना कल्पनाच नव्हती, की त्यांचे प्रॉम्प्टर गेले. काकांचा मोकळा आवाज आला, बिनखाकरता, "साहेब, तुमी नाटकात काम करता काय? बोलणा तसा वाटला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी नमनात गवळण करायचो! वीस वर्सां!"

नमन म्हणजे आमच्या कोकणातलं शिमग्याचं लोकनाट्य. मी फटीतून बघितलं. शांतारामकाका टोपी काढून, माझ्या ऑफिसच्या टेबलावरचा नॅपकिन डोक्यावर घेऊन, कमरेवर हात ठेवून ठुमकत चालत होते. सत्तरीचा माणूस, पण मान अशी वेळावली की मला जन्मात जमणार नाही. माझा नवरा खलनायकाच्या कोटात पेंद्या झाला होता आणि वाट अडवत होता.

"गावचे पुरुष ह्यांच्या चालीवर पागल व्हायचे," काकी थंडपणे म्हणाल्या. "साडी माझीच असायची. गाणी सगळी मना पाठ. पण बाईमाणसान उभा ऱ्हायाचा नाय, अशी रीत. बाईचा सोंग बाप्यानच करायचा. आता पोरींचीच नमनं असतात, पण माझे गुडघे गेले."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "फारम काढ."

मी फॉर्म काढला. गाळा वाचला, पाटी वाचली! काकींनी आकडा सांगितला आणि मी लिहिता लिहिता थांबले. जमिनीचे जेवढे आले होते त्याच्या बरोबर निम्मा.

"काकी, उरलेले?"

"पोस्टात."

"का हो? काही शंका आहे का? मी पुन्हा समजावते."

"समजला सगळा. बरा सांगतंस तू." काकींनी पिशवीतून चष्मा काढला, फॉर्मवर सावकाश, गोल अक्षरात सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. "पण जी बाई सोताच्या नावावर पैशे लावूक घाबरता, तिच्यावर मी माझे सगळे कशी लावू?"

त्या गेल्या. काका जिन्यात थांबून प्रमोदला मिठी मारून, शिमग्याला घरी यायचं आमंत्रण देऊन गेले. प्रमोद आत आला, घामाने निथळत, चेहरा पहिला नंबर मिळाल्यासारखा. त्याने फॉर्म उचलला, चष्म्याच्या रिकाम्या भोकातून वाचला.

"अर्धेच का गं? माझं काही चुकलं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "बाजारातली जोखीम."

त्याने समजल्यासारखी मान डोलावली आणि पहिल्यांदाच गुंतवणुकीतलं काहीतरी त्याला पटलं. ती जोखीम त्याच्याच समोर, उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती.